नदीकाठची जुनी पाऊलवाट पुन्हा चालती करायची आहे, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठची_बाई:

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गावाचं नाव इथं लिहीत नाही. चौदा घरांशी एकेकाच्या सोप्यात बसून बोलायचं आहे, आणि नाव आधीच फुटलं तर बोलणी बिघडतात. आमच्या गावाला खालचं गाव म्हणते, नदीच्या वरच्या अंगाला आहे ते वरचं गाव. दोन्हींच्या मधे मळ्यातली वस्ती, तीसेक घरांची.

वरच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून सगळी मुलं आमच्याकडं येतात. वस्तीवरची धरून यंदा एकसष्ट आहेत. डांबरी रस्त्यानं अंतर सात किलोमीटर पडतं, कारण रस्ता आधी फाट्याला जातो आणि मग परत नदीकडं वळतो. काठानं गेलं तर २.४ किलोमीटर. हा आकडा अंदाजाचा नाही. नववीच्या मुलांनी दोन शनिवार टेप धरून मोजलेला आहे.

गाळप हंगामात तो डांबरी रस्ता कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेल्या, मागं दिवा नाही, आणि साईडपट्टी म्हणजे खड्डा. गेल्या जानेवारीत आठवीतली एक मुलगी अशाच बाहेर आलेल्या उसाला दप्तर अडकून सायकलवरून पडली. उजवा हात मोडला. ती बरी झाली, पण तिच्या आजीनं तिला सायकल दिली नाही ती नाहीच. आता वडील कामावर जाताना पहाटे सहाला तिला शाळेच्या दारात सोडतात आणि ती कुलूपबंद दारासमोर साडेचार तास बसते. अकरा वाजता वर्गात येते तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. मी हे सगळं तिच्यापायी सुरू केलंय.

काठानं वाट आहे. म्हणजे होती. माझ्या सासूबाईंचं माहेर वरच्या गावचं. त्या सणाला याच वाटेनं माहेरी जायच्या, डोक्यावर पाटी, कडेवर पोर. महादेवाच्या देवळामागच्या घाटावरून निघायचं, करंजांच्या रांगेखालून जॅकवेलपर्यंत (नदीचं पाणी मोटारीनं उचलायची विहीर), तिथून मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या रानाच्या, कडेनं उंबरापाशी, तिथं घोटभर पाणी, मग तीन ओघळी उतरून-चढून वरच्या गावचा घाट. तासाभराच्या आत पोचायचं म्हणतात. आजही जॅकवेलपर्यंत वाट स्वच्छ आहे, मोटार चालू करायला लोक जातात म्हणून. पुढं ऊस थेट काठापर्यंत लावलेला आहे, आणि नदीच्या वळणावर २०१९च्या पुरात काठ ढासळला तिथं वाटच नाही.

मला बागबगीचा, दिव्यांची रोषणाई, सेल्फी पॉइंट असलं काही नको. दोन गावं आणि एक वस्ती पायानं आणि सायकलनं जोडायची आहेत, एवढंच. पण ही जमीन कुणाची धरायची? वाट कशानं करायची म्हणजे पुरानंतर उरेल? चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर नांदतील का? आणि मोटरसायकली कशा थांबवायच्या? ज्यांनी गावात असं काही केलंय किंवा करू पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गावनकाशा:

बाई, सगळ्यात आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन दोन्ही गावांच्या गाव नकाशांची नक्कल काढा. मी महसुलात तीस वर्षं होतो, म्हणून ठामपणे सांगतो: कुणाच्याही ओट्यावर बोलायला जाण्याआधी तो कागद हातात पाहिजे.

नकाशात एका तुटक रेषेनं दाखवलेला असतो तो पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. दोन्ही मार्ग पोटखराब्यात, म्हणजे लागवडीखाली न धरलेल्या क्षेत्रात, जातात. जमीन खातेदाराच्या नावावरच असते, पण त्या पट्ट्यावर आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही आणि वाट अडवायचा हक्कही त्याला नसतो. सासूबाई ज्या वाटेनं जायच्या ती नकाशावर निघाली, तर तुम्ही नवीन काही मागत नाही. असलेली वाट मोकळी करून मागताय. बोलण्याचा सूरच बदलतो.

कायद्याचं थोडक्यात. नदीचं पात्र सरकारचं, महसूल संहितेचं कलम २०. पण काठावरची मळी बहुतेक खाजगी असते, सातबारा बघून खात्री करा. कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात, तो शेतकऱ्याला स्वतःच्या रानात जायला असतो, शाळेच्या मुलांसाठी नाही. लोक नेमका तिथंच अर्ज करतात आणि दोन वर्षं घालवतात. चालू वाट कुणी नुकतीच अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६चं कलम ५ आहे, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. तुमची वाट मोडून वर्षं झालीत, तेव्हा ते दार बंद आहे असंच धरा.

नकाशात वाट नसेल तिथं संमती, दुसरा उपाय नाही. ती तोंडी नको, नुसत्या स्टँपपेपरवरही नको. नोंदणीकृत करून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घाला. बाप हो म्हणतो आणि वाटण्या झाल्यावर मुलगा तार ओढतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

आणि दोन्ही गावच्या ग्रामसभांचे ठराव वेगवेगळे घ्या. शिवेवर काम नेहमी अडतं, कारण शीव दोघांची असते आणि कुणाचीच नसते.

सायकल_पुणे:

ताई, बेत फार आवडला. शहरातला अनुभव सांगतो, उपयोगी पडेल तेवढा घ्या.

पुण्यात सायकल मार्ग झाले पण ते सलग नाहीत. दोनशे मीटर छान पेव्हर ब्लॉक, मग कुणाचं फाटक, मग विजेचा डीपी, मग पायरी. दर वेळी उतरावं लागलं की माणूस मुख्य रस्त्यावरून जायला लागतो आणि मार्गावर गाड्या उभ्या राहतात. तुमचा २.४ किलोमीटरचा मार्ग साधा असला तरी चालेल, पण सायकलवरून एकदाही उतरावं लागू नये.

दुसरं, आमच्याकडं मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या काठानं ४४ किलोमीटरचा नदीकाठ प्रकल्प सुरू आहे, २०२२च्या मार्चमध्ये भूमिपूजन झालं. चालायला-सायकलला पट्टे आहेत त्यात. पण त्यासाठी भराव आणि बांधीव काठ आले, झाडांवरून भांडणं झाली, कोर्टकचेरी झाली. काठावरून चालण्यासाठी काठच बदलायची गरज नसते, असं माझं ठाम मत आहे. तुमची करंजं आणि उंबर राहू द्या.

निवृत्त_पाटबंधारे:

मी उपअभियंता म्हणून कृष्णेच्या कामांवरच निवृत्त झालो. वर सायकलवाल्यांनी भरावाबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं, आणि तुमच्या भागात तर दुपटीनं.

कृष्णेचा पूर डोंगरातल्यासारखा धावून येत नाही, तो चढतो आणि बसतो. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला ५७च्या वर गेलं होतं आणि पाणी कित्येक दिवस हललं नाही. तुमची वाट त्या पाण्याखाली जाणार, हे आधी मान्य करा. तिला पुरापासून वाचवायचा प्रयत्न केलात तर पैसे बुडतील आणि रानंही. वाट जमिनीपासून दोन-तीन फूट उचलली की ती बांध होते. पावसाचं पाणी रानातून नदीत उतरायचं थांबतं, ऊस पाण्यात उभा राहतो, आणि चार-पाच वर्षांत ते रान चोपण, म्हणजे क्षार धरून नापीक, होतं. कृष्णाकाठी आधीच क्षारपड जमीन किती झालीय ते बघताच आहात. म्हणून वाट रानाच्या पातळीतच.

काँक्रीट करू नका. खाली काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं काँक्रीट अधांतरी राहतं आणि तुटतं. वरची काळी माती फूटभर काढा, कठीण मुरूम दोन थरांत भरा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबा, मधे बोटभर-दोन बोटं उंचवटा ठेवा म्हणजे पाणी दोन्हीकडं निथळेल. निघालेली माती वाया घालवू नका, ज्याच्या रानातून वाट जाते त्याच्याच रानात पसरा. ती कसदार असते. शेतकऱ्याला आल्याबरोबर काहीतरी मिळालं की बोलणं सोपं जातं.

ओघळींना ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे नळ) टाकायचा मोह होतो. टाकू नका. पहिल्याच पुरात उसाचा पाला आणि जलपर्णी अडकून पाइप बुजतो आणि पाणी बाजूनं नवी ओघळ पाडतं. दगडी फरशी करा, पाणी वरून जाऊ द्या. चढउतार सायकलला झेपायला विसास एक, म्हणजे वीस मीटर लांबीला एक मीटर उंची, असा लागतो. दोन मीटर खोल ओघळीला दोन्हीकडं चाळीस-चाळीस मीटर उतार आला. तेवढी जागा नसेल तर वाट आत घ्या, ओघळ जिथं उथळ होते तिथून पार करा.

वळणावर नदीशी भांडू नका. बाहेरचा काठ ती खातच राहणार. तिथं वाट भरपूर आत गेली पाहिजे, मालक कितीही कुरकुरला तरी.

निळ्या पूररेषेच्या आत कुठलंही पक्कं काम जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीशिवाय करू नका. निळी रेष म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेष शंभर वर्षांतल्या एका पुराची. तुमची अख्खी वाट निळ्याच्या आत पडेल असं वाटतं. भराव नाही, भिंत नाही, जमिनीच्या पातळीत मुरूम, असं अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

मळीवाला:

मी बाईंच्या गावचा न्हाय, पण माझी पण मळीला साडेतीन एकर हाय आणि आमच्याकडं पण असल्या वाटंची बोलणी झालीत. मी न्हाय म्हणालो हुतो. का, ते सांगतो. तुमच्यातले चौदा बी हेच म्हणणार, तोंडावर म्हणतील न म्हणतील.

पहिली गोष्ट केबल. नदीवर मोटारी हायत, रात्रीत केबल कापून नेत्यात, आतली तांब्याची तार विकायला. आज काठाला अनोळखी माणूस दिसला तर आम्ही हटकतो. वाट झाल्यावर कुणाला हटकणार? तो म्हणणार, मी फिरायला आलोय.

दुसरी गोष्ट वाळू. सायकलसाठी वाट करा, रात्री ट्रॅक्टर येणार. आठ फूट वाटंनं ट्रॉली जाती, जरा दोन्हीकडचा ऊस मोडून जाती. एकदा सुरू झालं की त्यांच्याशी वैर कोण घेणार? मीच घ्यायचं, कारण रान माझं.

तिसरं, उसाला आग. बिडी टाकली की संपलं. बारा-तेरा महिने जपलेला ऊस दहा मिनिटांत जातो, आणि जळका ऊस म्हणून कारखाना वजनात कापतो.

चौथं म्हणजे आज पायवाट, उद्या डांबरी, परवा प्लॉट. हे लोकांनी डोळ्यानं बघितलंय, उगा संशय न्हाय.

आणि बाई, वळणापाशी मगर बसती का तुमच्यात? आमच्यात बसती. थंडीत उन्हाला काठावर येती, उन्हाळ्यात वाळूत अंडी घालती. औदुंबर, ब्रह्मनाळ, सगळ्या पट्ट्यात मगरी हायत. पोरं नदीला लागून सायकल चालवणार म्हणजे हे बी बघायला पायजे.

मी वाईट बोलत न्हाय. पोरीचा हात मोडला ते वाचून वाईट वाटलं. पण ज्याचं रान जातंय त्याला आधी विचारा, ठराव मागनं घ्या.

कृष्णाकाठची_बाई:

दादा, तुम्ही इतकं उघड लिहिलंत यासाठी मनापासून आभार. चौदाही जणांच्या मनात हेच असणार, आणि माझ्याशी ते बोलले नसते, कारण त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. आता मी स्वतःच हे विषय काढीन. केबल आणि वाळू आधी, मुलांचं मागाहून.

होय, वळणावर मगर बसते. मी स्वतः दोनदा पाहिली आहे, एकदा डिसेंबरात सकाळी दहाच्या सुमारास. तिला त्रास व्हावा असं मला वाटत नाही, ती जागा आधी तिची आहे. पाटबंधारेवाल्या काकांनी वाट वळणावर आत घ्यायला सांगितली ती या कारणानंही बरोबर ठरते. वनखात्याकडं मी वेगळा अर्ज करते, की अंड्यांच्या जागेपासून किती लांब राहायचं ते त्यांनीच येऊन दाखवावं.

एल्बच्या_काठावरून:

बाई, मी मूळची सांगलीची, हरिपूर रस्त्याची. चिंचांच्या सावलीतून संगमेश्वराला सायकलनं जाण्यात माझं लहानपण गेलं. आता जर्मनीत ड्रेस्डेनला राहते आणि रोज एल्ब नदीच्या काठानं सायकलनं कामाला जाते. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आपल्या सांगलीसारखंच हे पुराचं गाव आहे. २००२च्या ऑगस्टमध्ये इथं एल्ब ९.४० मीटरपर्यंत चढली होती, २०१३च्या जूनमध्ये पावणेनऊच्या आसपास. आपल्याकडं पावसाळ्यात सकाळी उठून 'आयर्विनला किती फूट?' विचारतात, तसं इथं पुलाजवळच्या मापकाचा आकडा विचारतात. आणि तरी इथली सायकलवाट नदीकाठच्या कुरणातूनच जाते, पुराच्या पट्ट्यात. ती उंच केलेली नाही. शहराच्या मधोमध असूनही ही कुरणं बांधकामाशिवाय मोकळी ठेवली आहेत, पाण्याला पसरायला. पाणी चढलं की वाट बंद, ओसरलं की गाळ खरवडतात आणि लोक पुन्हा निघतात. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

चालणाऱ्यांचं आणि सायकलवाल्यांचं: इथं निळी गोल पाटी असते, वर मुलाचा हात धरलेलं माणूस, खाली सायकल, मधे आडवी रेघ. एकच वाट दोघांची असा तिचा अर्थ. नियम साधा आहे, सायकलवाल्यानं चालणाऱ्याला सांभाळायचं, वेळ पडली तर थांबायचं. गावाबाहेर अशा वाटेची रुंदी साधारण अडीच मीटर धरतात. त्याहून अरुंद झाली की समोरून सायकल आल्यावर म्हाताऱ्या माणसाला चिखलात उतरावं लागतं, आणि मग म्हातारी माणसं येणंच बंद करतात. मी इथं ऐंशी वर्षांच्या बायका काठानं भाजी आणायला जाताना रोज बघते. दर थोड्या अंतरावर बाक आहेत म्हणून त्या जाऊ शकतात. तुमच्या सासूबाई पाणी प्यायला थांबायच्या त्या उंबराखाली एक दगडी बाक नक्की घाला.

केबलच्या भीतीबद्दल एक वाटतं. ओसाड काठाला चोर येतो. सकाळी सात ते संध्याकाळी सात तिथं साठ मुलं, दूधवाले, माहेरवाशिणी जात असतील तर चोराला आजच्याइतकं मोकळं रान उरणार नाही. रात्रीचं मात्र दादा म्हणतात ते खरं आहे. माझ्याकडं त्याला उत्तर नाही.

कृष्णाकाठची_बाई:

तीन आठवडे इथं आले नाही, कारण रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी होते. झालं ते सांगते.

गाव नकाशे मिळाले. आमच्या गावच्या नकाशावर एक तुटक रेष घाटापासून निघून शिवेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. मी ती सासूबाईंना दाखवली. त्यांना नकाशा वाचता येत नाही, पण बोट ठेवून सांगितल्यावर त्यांनी तीन ओघळी बरोबर ओळखल्या आणि म्हणाल्या, "हितं उंबर लिहिलं न्हाई व्हय?" वरच्या गावच्या नकाशावर रेष शिवेपासून पुढं आहे, पण वळणाच्या जागी आता नदी आहे. वाट कागदावर आहे, तिच्याखालची जमीन वाहून गेलीय. म्हणजे खालच्या गावचे नऊ खातेदार नकाशाच्या वाटेवरचे, आणि वरच्या गावचे पाच जण असे, ज्यांच्याकडं वाट नव्यानं मागायची.

ड्रेस्डेनच्या ताई, तुम्ही अडीच मीटर लिहिलंत आणि गावनकाशा सरांनी सव्वाआठ फूट. मी गुणून पाहिलं. सव्वाआठ फूट म्हणजे २.५१ मीटर! जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे पायमार्ग चार आण्यांचा. दोन माणसं डोक्यावर ओझं घेऊन समोरासमोर आली तर अडू नयेत एवढी ही वाट. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीतून बाहेर बघतो, त्यानं विचारलं, मग किती गुंठे गेले? आम्ही सगळ्यांनी मिळून काढलं. गुंठा १०८९ चौरस फूट, सव्वाआठनं भागलं की १३२ फूट लांबी. दर १३२ फुटांना एक गुंठा. पूर्ण २.४ किलोमीटरला साठ गुंठे, म्हणजे दीड एकर. चौदा घरांत मिळून दीड एकर.

हा हिशेब मी प्रत्येक घरी वहीत लिहून नेला, त्या त्या माणसाच्या काठाच्या लांबीप्रमाणं. एकाच्या वाट्याला अडीच गुंठे येतात, त्याला वाटत होतं अर्धा एकर जाणार. त्याच्या बायकोनं वही हातात घेतली, चुलीपाशी नेली, परत आणून दिली आणि म्हणाली, एवढ्यात तर बांधाकडचा ऊस डुकरंच खातात.

मुरुमाचाही हिशेब केला. फूटभर जाडीला साडेसहाशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर बसतो म्हणून जास्तच लागेल. एवढं एका वर्षात होणार नाही. दोन्ही ग्रामपंचायतींच्या आराखड्यात थोडं थोडं घालायचं आणि मातीकाम रोजगार हमीतून करायचं असं ग्रामसेवकांशी बोलणं झालंय. पाटबंधारेवाल्या काकांचा मातीचा सल्ला फार उपयोगी पडला. "माती तुमच्याच रानात" म्हटल्यावर दोघांनी लगेच मान हलवली.

चौदापैकी अकरा जणांचा होकार आहे. त्यांच्या अटी अशा. काठाला दिवे लावायचे नाहीत, म्हणजे रात्री कुणी बसणार नाही. वाट ओलांडणाऱ्या पाइपलाइनी तीन फूट खाली गाडून द्यायच्या. दोन्ही टोकांना आणि जॅकवेलपाशी खांब रोवायचे, मधलं अंतर चार फूट. त्यातून दुधाच्या किटल्या लावलेली सायकल जाते, चाकाची खुर्ची जाते, ट्रॅक्टर जात नाही. आणि ठरावात स्पष्ट लिहायचं, की हा पायमार्ग आहे, याची रुंदी कधीही वाढवणार नाही. शेवटची अट वाळूसाठी आणि प्लॉटसाठी. मळीवाल्या दादांनी लिहिलं नसतं तर ही दोन वाक्यं मला सुचली नसती.

मोटरसायकलींचं मात्र सुटलेलं नाही, आणि यात विरोध बाहेरच्यांचा नाही, वस्तीचाच आहे. वस्तीवरचे तरुण म्हणतात, आम्हाला पण दवाखाना लांब पडतो, रात्री-बेरात्री आजारी माणूस न्यायला ही वाट पाहिजे. त्यांचं खोटं नाही. चार फुटांच्या खांबांतून मोटरसायकल सहज जाते, त्यामुळं ठरवून न्यायची तर कुणी अडवू शकत नाही. पण मला पक्कं माहीत आहे, पहिल्या महिन्यात चार मोटरसायकली भरधाव गेल्या की आजी-आई मुलींना पुन्हा घरी बसवतील. मी वस्तीवर बायकांची वेगळी बैठक घेतली. त्यांनी असं ठरवलं: आजारी माणूस असेल तर कुणालाही अडवायचं नाही, एरवी मोटरसायकल हातानं ढकलत न्यायची. हे टिकेल का, मला सांगता येत नाही. वस्तीचा रस्ता डांबरी व्हावा म्हणून मी त्यांच्या अर्जावर सही केली आहे आणि पाठपुरावाही करणार आहे. त्यांचा रस्ता नीट झाला तरच ते ही वाट सोडतील.

उरलेल्या तिघांपैकी दोघे पुण्याला असतात, दिवाळीला येतील. तिसऱ्यांचं रान वळणाला लागून आहे. २०१९ला त्यांचं सोळा गुंठे रान नदीनं नेलं. मी गेले तेव्हा त्यांनी मला काठावर नेलं आणि पाण्यात बोट दाखवून म्हणाले, माझी विहीर तिथं होती. वाटेबद्दल काही बोललेच नाहीत. मीही काही मागितलं नाही, चहा घेऊन परत आले. त्यांच्याकडून आणखी आत जागा मागायला माझं मन धजत नाही, आणि ती मिळाल्याशिवाय वाट पुरी होत नाही. काका, वळण टाळून पलीकडच्या बांधानं नेली तर अंतर वाढेल, पण चालेल का?

निवृत्त_पाटबंधारे:

चालेल. तीनशे-चारशे मीटर वाढले तर काही बिघडत नाही. पण आधी पाणी कुठून उतरतं ते बघा, बांधावरून वाट म्हणजे पुन्हा बांध उंच करायचा मोह. एक मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच जा आणि कुठं पाणी साचतं तिथं खुंट्या मारून ठेवा. नकाशापेक्षा त्या खुंट्या उपयोगी. आणि त्या गृहस्थांकडं परत जा. मागायला नको, नुसतं जा.

गावनकाशा:

वाहून गेलेल्या सोळा गुंठ्यांची नोंद त्यांच्या सातबाऱ्यावर झाली आहे का विचारा. अनेकांचं क्षेत्र कागदावर तसंच राहतं आणि नसलेल्या जमिनीचा आकार भरत राहतात. झाली नसेल तर मोजणीचा अर्ज मी लिहून देतो, इथं निरोप टाका. वाट द्या किंवा न द्या, त्यांचं ते काम झालं पाहिजे.

कृष्णाकाठची_बाई:

सर, विचारलं. नोंद झालेली नाही. ते सहा वर्षं आकार भरतायत. अर्ज लिहून द्या, मी उद्याच त्यांच्याकडं घेऊन जाते.

आणि रविवारी घाटापासून जॅकवेलपर्यंतचे सहाशे मीटर साफ करायला घेतोय. मुलं, पालक आणि वस्तीवरच्या बायका मिळून चाळीसेक जण होऊ. करंजाच्या फांद्या छाटायच्या, झाड एकही तोडायचं नाही. कुणाला खरा अनुभव असेल तर सांगा, झुडपं मुळासकट काढायची की काठ धरून ठेवायला मुळं तशीच राहू द्यायची?

मळीवाला:

नदीकडची मुळं ठेवा. रानाकडची काढा. आणि विळे सकाळीच धार लावून आणा, दव असताना झुडूप चटकन कापतं.

बाई, त्या गड्याची विहीर गेली म्हणालात. माझी बी गेली हुती २०१९ला. त्यांचा नंबर इथं टाकू नका, माझाच त्यांना कळवतो तुमच्यामार्फत, निरोप पाठवलाय. मी जाऊन बसतो त्यांच्याबर. आणि आमच्या गावच्या वाटंचं मी परत विचारात घेतोय. दीड एकराचा तुमचा हिशेब वहीत कसा मांडला त्याचा फोटो पाठवा, मला सहा घरांना दाखवायचा हाय.